चिनी युद्धकलांची चिनी पुस्तकं : जमवणारं (आणि नोंदवणारं) आहे का कुणी?

मंदगती

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

मी ताय ची करतो हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे, आयडीवरून झालेली थट्टाही त्यांना आठवत असेल. नोकरीनिमित्त काही वर्षं शांघायला होतो. तिथे रविवारी सकाळी वनम्यावला, म्हणजे कन्फ्यूशियसच्या देवळात जायचो. दर्शनाला नव्हे, तर आवारात जुनी पुस्तकं मांडून विक्रेते बसायचे म्हणून. (तो बाजार २०२१ मध्ये बंद झाला. आता बरीचशी खरेदी-विक्री खुंगफूत्स नावाच्या संकेतस्थळावर चालते. खुंगफूत्स म्हणजे पुन्हा कन्फ्यूशियसच! जुन्या पुस्तकांतून या माणसाची सुटका नाही.)

तर तिथे एकदा सुन लूथांगचं शिंगयीवरचं पुस्तक हाती लागलं. सुन लूथांग (१८६०–१९३३) हा शिंगयी, पाक्वा आणि थायची (म्हणजे ताय चीच) या तिन्ही कला शिकलेला आणि तिन्हींवर पुस्तकं लिहिणारा उस्ताद. हे पुस्तक मूळ १९१५चं. शेवटच्या पानावर सन तेच होतं. हात थरथरायला लागले. घासाघीस न करता पैसे मोजले आणि घरी येऊन भिंग लावलं. फोटोंच्या ठिपक्यांच्या जाळीवर आणखी एक जाळी दिसत होती. अक्षरांवरून बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत, खिळ्यांचा दाब कुठेच लागेना. म्हणजे जुन्या प्रतीचे फोटो काढून ऑफसेटवर छापलेलं पुनर्मुद्रण. मूळचं शेवटचं पानसुद्धा जसंच्या तसं छापलेलं. पुनर्मुद्रण करणाऱ्यांनी स्वतःची माहिती देणारं पान त्याच्यामागे लावलं असणार, पण ते कुणीतरी पातीने साफ कापून काढलं होतं. शिवणीशी अर्धा सेंटिमीटर पट्टी तेवढी उरली होती.

तेव्हापासून पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटचं पान बघतो आणि मग शिवण.

या शेवटच्या पानावरच लिहायचंय. चिनी पुस्तकात सन, प्रकाशक, छापखाना, आवृत्ती, किंमत हे सगळं बहुधा मागे असतं. १९१२ ते १९४९ या काळातल्या पुस्तकांवर 'मिंक्वो अमुक वर्ष' असं छापतात. मिंक्वो म्हणजे प्रजासत्ताक. आपण शकात ७८ मिळवतो तसे इथे १९११ मिळवायचे. मिंक्वो १८ म्हणजे १९२९. सोपं आहे. प्रस्तावनेखालची तारीख मात्र अनेकदा साठ वर्षांच्या चक्रातल्या नावाने दिलेली असते. आपल्या प्रभव-विभव संवत्सरांसारखंच हे, फक्त चक्र वेगळं. 'शिनयोऊ' लिहिलं असेल तर १८६१ की १९२१? कागद, छपाई आणि मजकूर बघून ठरवायचं. विकणारा अर्थातच १८६१ म्हणतो.

दुसरी गंमत. शांघायच्या कमर्शियल प्रेसची काही पुस्तकं मिळतात, त्यांच्या मागे छापलेलं असतं : 'राष्ट्रीय संकटानंतरची पहिली आवृत्ती'. जानेवारी १९३२ मध्ये जपानी विमानांनी शांघायवर बाँब टाकले, त्यात या प्रकाशनसंस्थेचा छापखाना आणि गोदामं जळाली. त्यांचं मोठं ग्रंथालयही तीन-चार दिवसांत राख झालं. पुढे त्यांनी जुनी पुस्तकं पुन्हा छापायला घेतली तेव्हा आवृत्त्यांची मोजणी नव्याने सुरू केली. हे ठाऊक नसलेला माणूस 'पहिली आवृत्ती' एवढेच शब्द वाचतो आणि फसतो. ती चार शब्दांची ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो. आत होत्या काठीच्या कवायती.

१९४९ नंतरच्या पुस्तकांत तर मागच्या पानावर कागदाचा आकार, शब्दसंख्या आणि किती प्रती छापल्या तो आकडासुद्धा असतो! आपल्याकडे प्रकाशक हा आकडा बायकोलाही सांगत नसेल. आयएसबीएन यायच्या आधी तिथे एकीकृत क्रमांक होता. तो ७०१५ ने सुरू झाला तर पुस्तक बीजिंगच्या जन-क्रीडा प्रकाशनाचं. ७ हा संस्कृती-शिक्षणाचा गट आणि ०१५ ही प्रकाशनसंस्था.

माझ्याकडे साधारण दोनशे पुस्तकं आहेत. प्रत्येकाची नोंद एका तक्त्यात करतोय. शीर्षक, लेखकाची सगळी नावं, शेवटच्या पानाचा शब्दशः उतारा, बांधणी, चित्रं की फोटो आणि ते किती, आधीच्या मालकांचे शिक्के आणि शेरे, काय फाटलंय, कुठून घेतलं. मराठी माणसांत हा उद्योग करणारं आणखी कुणी आहे का, एवढंच विचारायला धागा काढला आणि निबंध झाला. माफी.

शंकासुर

ते सगळं ठीक. पण कुंगफू आपल्याच बोधिधर्माने तिकडे नेलं ना? मग आपलाच माल आपण परत विकत कशाला घ्यायचा? रॉयल्टी मागा.

मंदगती

शंकासुरा, तू येणार हे धरूनच होतो.

बोधिधर्माला परंपरा दक्षिण भारतातला मानते, त्याबद्दल वाद नाही. पण शाओलिनची मुष्टिकला त्याने शिकवली या गोष्टीचा उगम शोधायला गेलं की एका पुस्तकापाशी येऊन थांबावं लागतं : यीचिनचिंग, म्हणजे स्नायू-कंडरा पालटण्याचा ग्रंथ. त्याला दोन प्रस्तावना आहेत. एक सन ६२८ची, थांग काळातल्या सेनापती ली चिंगच्या नावाने. दुसरी ११४२ची, निऊ काव या सेनानीच्या नावाने. दोन्ही बनावट. अभ्यासक ग्रंथ १६२४च्या आसपासचा मानतात, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी झालेला. आणि त्यातही व्यायाम आहेत, मारामारी नाही. पुढे १९१५ मध्ये शाओलिन मुष्टियुद्धाची 'रहस्यं' सांगणारं एक पुस्तक टोपणनावाने निघालं. ते भरपूर खपलं आणि गोष्ट घरोघरी गेली.

हे उघडं पाडणारा माणूस मला फार आवडतो. थांग हाव (१८९७–१९५९), पेशाने वकील. १९३० मध्ये त्याने शाओलिन आणि वूतांग या दोन्ही ठिकाणच्या दंतकथांची उलटतपासणी घेणारं पुस्तक काढलं. वूतांगचा चांग सानफंग हा ताय चीचा जनक, ही समजूतही त्यात निकालात निघाली. उस्ताद मंडळी भयंकर चिडली. थांग हावचं काम वाचताना सारखं वाटतं की हा साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करून विचारतोय : ही प्रत तुम्ही स्वतः पाहिलीत का? कुणाकडे? कोणत्या साली?

म्हणून रॉयल्टी विसर. बनावट प्रस्तावनेची बनावट रॉयल्टी मिळेल फार तर.

शंकासुर

घ्या. म्हणजे खोटी जुनी पोथी तयार करण्यात तरी आपण एकटे नाही. बरं वाटलं.

शिळाप्रेस

वाचनखूण साठवली आहे. मी जुन्या मराठी शिळाछापांच्या मागे असतो (गणपत कृष्णाजींची पंचांगं वगैरे), त्यामुळे दोन प्रश्न. तिकडेही दगडावरची छपाई बरीच होती ना? आणि त्याआधीचं, लाकडी ठशांवरचं काही सामान्य माणसाला मिळतं का?

मंदगती

दगडावरची छपाई भरपूर! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून शांघाय हे तिचं मोठं केंद्र होतं. कवायतीच्या पुस्तकांना ती फार सोयीची, कारण चित्रं आणि हस्ताक्षर एकाच दगडावर. बांधणी दोऱ्याची. कागद एकाच बाजूला छापून बाहेरच्या अंगाला घडी घातलेली असते. घडीवर पुस्तकाचं आखूड नाव, खंड आणि पानाचा आकडा असतो, आपल्या पोथीच्या समासात असतो तसा. ही घडी विसविशीत होऊन फाटते आणि पान दुपाखी उघडतं. नवखा माणूस समजतो की आतली बाजू कोरी सोडली आहे.

लाकडी ठशांच्या मिंग काळातल्या मूळ प्रती आपल्या ऐपतीतल्या नाहीत. त्या ग्रंथालयांत असतात आणि त्यांच्या चांगल्या चित्रप्रती जालावर मिळतात. पण सगळ्याचं मूळ तिथेच आहे. सेनापती छी चीक्वांग (१५२८–१५८८) समुद्री चाच्यांशी लढत होता. त्याने १५६०च्या सुमाराला 'चीश्याव शिनशू' लिहिलं. भरती झालेल्या शेतकऱ्यांना सैनिक कसं करायचं, याचं पुस्तक. त्यात नुसत्या हातांच्या लढतीचे ३२ पवित्रे चित्रांसह आहेत. आणि सुरुवातीलाच हा बाबा सांगतो की मोठ्या लढाईत याचा तसा उपयोग नाही, पण हातपाय मोकळे होतात, म्हणून शिकाऊ माणसाने इथून सुरुवात करावी. १५८४च्या सुधारित ग्रंथात तर हे प्रकरण त्याने काढूनच टाकलं. आजच्या ताय चीतल्या कित्येक पवित्र्यांची नावं मात्र त्या ३२ मध्ये सापडतात.

ते टिकलं कसं? दुसऱ्यांनी उतरवून घेतलं म्हणून. माव युआनयीने १६२१ मध्ये 'वूपेइ च' हा २४० खंडांचा युद्धशास्त्राचा कोश केला आणि हे सगळं त्यात घेतलं. त्यात तलवारीची एक पद्धत आहे, ती चीनमध्ये नाहीशी झाली होती आणि कोणा हौशी माणसाला कोरियात मिळाली, असं तो स्वतःच नोंदवतो. १६२१ मध्येसुद्धा लोक हेच करत होते : आपलं हरवलेलं शेजाऱ्याच्या घरी शोधत होते.

तालमीतला

छान धागा. आमच्याकडेही बडोद्याचा व्यायामज्ञानकोश आहे की! द. चिं. मुजुमदारांनी १९३६ पासून दहा खंड काढले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, बोथाटी, जंबिया, सगळं फोटोंसकट. आमच्या तालमीत त्याचे तीन खंड होते. एक वाळवीने खाल्ला, एक कुणीतरी 'वाचायला' नेला. उरलेल्या तिसऱ्यावर वस्ताद चहाचा कप ठेवायचे.

मंदगती, त्याच काळात तिकडेही सरकारी पातळीवर असं काही चाललं होतं ना?

मंदगती

हो. १९२८ मध्ये नानजिंगला केंद्रीय क्वोशू संस्था निघाली. क्वोशू म्हणजे 'राष्ट्रीय कला'. मुष्टियुद्ध आणि शस्त्रकलेला त्यांनी हे नाव दिलं. परीक्षा घेतल्या, पुस्तकं छापली. त्याआधी १९१०ची शांघायची चिंगवू संस्था होतीच. कारणंही आपल्यासारखीच. परक्यांच्या वर्चस्वाखाली पिचलेला समाज आधी दंडाकडे बघतो.

आणि एक योगायोग ऐका. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक देशी खेळ दाखवायला जर्मनीत गेलं होतं. त्याच वेळी चीनचं नऊ जणांचं पथकही तिथे गेलं होतं, क्वोशूची प्रात्यक्षिकं करायला. सहा पुरुष, तीन स्त्रिया.

तालमीतला

काय सांगता! हे ठाऊकच नव्हतं. पण एक बोलतो, राग मानू नका. पुस्तकातून कुस्ती येत नाही. धोबीपछाडचा फोटो बघून कुणी धोबीपछाड शिकलाय का?

मंदगती

राग कसला? हे तिकडचे उस्तादही म्हणतात. म्हणूनच मी ही पुस्तकं शिकायला वाचत नाही. कोणत्या साली कोण काय करत होता आणि त्याला काय म्हणत होता, हे कळायला वाचतो. याङ् घराण्याच्या ताय चीवरचं फू चुंगवनचं १९६३चं पुस्तक घ्या. त्यातली रेखाचित्रं त्याच्या गुरूच्या, याङ् छंगफूच्या जुन्या फोटोंवरून काढलेली आहेत. शिकायला पुस्तक बरंच आहे. पण गुरूचा पाय खरोखर कुठे होता हे बघायचं तर फोटो असलेली १९३०च्या दशकातली पुस्तकंच उघडावी लागतात.

सिंगापुरी_मोदक

थोडा असहमत. मी इथे ताय ची शिकवते आणि माझ्याकडे कागदाचं एकही पुस्तक नाही. प्रजासत्ताक काळातली कितीतरी पुस्तकं चीनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जालावर टाकली आहेत. मिंग काळातल्या कोशांच्या चित्रप्रती जपानी विद्यापीठांकडे मिळतात. मग पिवळी पडलेली पानं जमवून, कसर लावून घेऊन, काय साधतं? हौस आहे म्हणा, बास. 'दस्तऐवजीकरण' म्हणू नका.

मंदगती

मोदकताई, अर्धं मान्य. मजकूर हवा असेल तर स्कॅन पुरे आणि मीही तेच वापरतो. पण स्कॅन करणारे बऱ्याचदा मुखपृष्ठ, जाहिरातींची पानं, कोरी पानं गाळतात. जाहिरातीच्या पानावरच तर त्या वर्षी आणखी काय छापत होते ते कळतं. फुकट फिरणाऱ्या पीडीएफमध्ये शेवटचं पान सहसा नसतंच.

तैवानच्या प्रतींचं तर वेगळंच. तिथे १९८७ पर्यंत लष्करी कायदा होता. मुख्य भूमीवर राहिलेल्या लेखकांची पुस्तकं छापायची तर नाव बदलायचं किंवा गाळायचं, अशी पद्धत पडली होती. आत मजकूर तोच आणि बाहेर लेखक भलताच. हे कळायला दोन्ही प्रती शेजारी ठेवाव्या लागतात. स्कॅनही चालेल, पण कोणत्या प्रतीचा स्कॅन हे कुणीतरी लिहून ठेवलेलं हवं. ते लिहून ठेवणं म्हणजेच माझा तक्ता.

हौस आहे हेही खरंच. नाकारत नाही.

सिंगापुरी_मोदक

शेवटच्या पानाचा मुद्दा मान्य. आत्ताच माझं फोल्डर उघडून बघितलं. एकतीसपैकी नऊ पीडीएफना शेवटचं पान आहे. लाज वाटली.

ग्रंथपाल_काकू

चाळीस वर्षं तालिका केल्या म्हणून दोन शब्द. लेखकाचं नाव हा तुमचा सगळ्यात मोठा घोळ असणार. बरोबर ना?

मंदगती

काकू, नेमकं बोट ठेवलंत. सुन लूथांगचीच गोष्ट. पुस्तकावर नाव सुन फूछ्वान, लोक ओळखतात सुन लूथांग म्हणून. जुन्या इंग्रजी पद्धतीत स्पेलिंग एक, नव्या पिनयिनमध्ये दुसरं. इतिहासकार श्यू चन (१८९८–१९६७) कधी श्यू चन असतो, कधी श्यू चतुंग. एका माणसाचं जन्मनाव, मोठेपणीचं नाव, टोपणनाव, शिवाय दक्षिणेकडचा असेल तर कँटोनी उच्चार वेगळा. मी सगळी नावं लिहितो, पण मुख्य कोणतं धरायचं?

ग्रंथपाल_काकू

पुस्तकावर जे छापलंय ते जसंच्या तसं लिहायचं, चिनी लिपीत. त्याखाली एकच प्रमाण नाव ठरवायचं आणि बाकी सगळी 'पाहा' म्हणून तिकडे वळवायची. आमच्याकडे केशवसुत आणि कृष्णाजी केशव दामले यांचं हेच करतो. वर्गांक स्वतः बनवू नका, चिनी वर्गीकरण पद्धतीत युद्धकलांना जी८५२ आहे, तोच घ्या.

अवांतर : तुम्ही देवनागरीत 'थायची' आणि 'छी चीक्वांग' लिहिता ते मुद्दाम का?

मंदगती

हो, मुद्दाम. चिनीत त-थ, च-छ, प-फ हा फरक अर्थ बदलतो. रोमन लिपीला तो नीट दाखवता येत नाही, म्हणून पिनयिनवाल्यांनी टी म्हणजे थ आणि डी म्हणजे त अशी सोय लावली. आपल्याकडे ही अक्षरं पाळण्यापासून आहेत. मराठी माणसाने इंग्रजीवरून 'ताय ची' म्हणावं आणि मग चिनी माणसाला ते कळू नये, याला काय म्हणायचं? (सुरुवातीला मीच 'ताय ची' लिहिलंय. सवय.)

जी८५२ आजपासून लागू.

शिळाप्रेस

हस्तलिखितांचं काय करता?

मंदगती

हातचं राखून घेतो. गुरूने शिष्याला दिलेल्या वह्या असतात, त्यांना छ्वानफू म्हणतात. त्यातली पद्यं ऐकून उतरवलेली, त्यामुळे सारख्या उच्चाराची चुकीची अक्षरं जागोजाग. 'यादृशं पुस्तकं दृष्टं' म्हणणारा आपला लेखकू निदान बघून तरी लिहीत होता. चीन सरकारने १९८३ ते ८६ मध्ये देशभर पाहणी केली, आठ हजारांवर माणसं लावली, तेव्हा १२९ मुष्टिप्रकार नोंदले गेले आणि ४८२ लिखित साधनं गोळा झाली. एवढ्या मोठ्या देशातून ४८२! बाकीची घरांत राहिली, किंवा आधीच्या धामधुमीत जळाली. बाजारात 'घराण्याची गुप्त वही' म्हणून जे येतं त्यातलं बरंचसं चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलेलं असतं. वास घ्या, कळतं.

हर्णैची_लाट

मी फक्त वाचक आहे, पहिलाच प्रतिसाद. बाबा बोटीवर होते. त्यांच्या ट्रंकेत एक चिनी पुस्तक आहे, पातळ, मुखपृष्ठावर मारामारीच्या पवित्र्यात उभा माणूस. फोनचं भाषांतर वापरलं तर 'कामगार शब्द वाघ ठोसा' असं आलं. आई म्हणाली ठेवून दे बाई, युनियनचं असेल. शेवटच्या पानावर किंमत हाँगकाँग डॉलरमध्ये आहे, सन कुठेच दिसत नाही. हे तुमच्या कामाचं आहे का?

मंदगती

ताई, कामाचं आहे की नाही विचारता!

'कामगार' नाही ते. ते अक्षर इंग्रजी कॅपिटल आयसारखं दिसतं आणि त्याचा एक अर्थ काम असा होतो. इथे मात्र त्याचा आकार अभिप्रेत आहे. त्या कवायतीत पावलं जमिनीवर तसा आकार काढतात. पूर्ण नाव साधारण 'त्या अक्षराच्या आकाराची, वाघाला काबूत आणणारी मूठ'. दक्षिणेकडच्या हुंग घराण्याची कवायत. लेखक लाम साय-विंग, म्हणजे उत्तरेच्या उच्चारात लिन शरुंग, सिनेमांमुळे प्रसिद्ध झालेल्या वाँग फेइ-हुंगचा शिष्य. हाँगकाँगमध्ये ही पुस्तकं अनेक वर्षं पुन्हापुन्हा छापली गेली, बहुतेकदा सनाशिवाय. त्यामुळे तुमची प्रत कधीची हे सांगणं अवघड. आत कुठे हाताने लिहिलेलं काही आहे का? शिक्का, सही, काहीही.

हर्णैची_लाट

आहे. पहिल्या कोऱ्या पानावर बॉलपेनने बाबांची सही आणि खाली 'हाँगकाँग १४-८-७४'. शिवाय आतल्या चित्रांना त्यांनी मराठीत आकडे घातलेत, १, २, ३ असे. खोडू का? रबराने जाणार नाहीत म्हणा.

ग्रंथपाल_काकू

खबरदार!

मंदगती

काकूंना अनुमोदन. ताई, सन ठरवायला त्या प्रतीत तेवढा एकच पुरावा आहे. माझ्या तक्त्यात नोंद अशी केली : 'सन छापलेला नाही, १४ ऑगस्ट १९७४ पूर्वी, मालकाच्या मराठी हस्ताक्षरातील नोंदीवरून.' चिनी पुस्तकांच्या यादीतली ही माझी पहिली मराठी नोंद.

प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमट हवेत बुरशी धरेल. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि ट्रंक अधूनमधून उघडी ठेवा. सगळ्या पानांचे फोटो काढून पाठवाल का, कोऱ्या पानांसकट? आणि आकडे कितीपर्यंत आहेत?

हर्णैची_लाट

फोटो रविवारी काढते, उजेड चांगला असतो. आकडे १७ पर्यंतच आहेत, पुढची चित्रं तशीच.

मंदगती

मधली पानं सुटून हरवली नाहीत ना? अठराव्या चित्रापाशी शिवण बघा जरा.

हर्णैची_लाट

बघितली. पान एकही सुटलेलं नाही. बोट सुटली असेल.